भिकाजीअण्णांचे सहा खांब

माझं सगळ्यात देखणं काम गारखेड्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी, कंपाउंडच्या भिंतीवर ठोकलेलं आहे. काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. काने अंगठ्याएवढे जाड, शिरोरेषा केसासारखी, प्रत्येक कान्याच्या पायाशी एक नाजूक आडवी टाच. महागड्या अत्तराच्या बाटलीवर शोभावीत अशी ती अक्षरं, आणि त्यांत लिहिलंय, 'येथे लघवी करू नये'.

लोक थांबतात, वाचतात आणि तिथंच उरकतात. माझी मैत्रीण म्हणाली, अगं, इतकं सुंदर लिहिलंय की माणूस थांबणारच, आणि एकदा थांबला की त्याच्या हातात काय राहतं. मी दोन दिवस तिचा फोन घेतला नाही.

ती पाटी मी केलेली नाही, फक्त अक्षरं माझी. फॉन्टचं नाव 'तोरा'. पाटीवाल्यानं तो कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून उचलला, जसा शहरातल्या निम्म्या फ्लेक्सवाल्यांनी उचलला. आता या अंकाच्या संपादकबाईंनी मला 'व्यवसायातले गोड अनुभव' लिहायला सांगितलेत. गोडच पाहिजे होतं तर त्यांनी एखादा हलवाई गाठायचा. मी आयुष्यभर डीटीपी केलं. म्हणजे लोकांची लग्नं, बारशी आणि तेरावी कॉम्प्युटरवर जुळवून दिली. या धंद्यात चुका गिऱ्हाईक करतं आणि खापर आमच्यावर फुटतं. पण एकदा चूक माझीच होती, शंभर टक्के माझी, आणि तीच मी सांगणार आहे. गोड लागली तर लागली.

आमच्या घरात पणजोबांपर्यंत भिक्षुकी, नंतर कारकुनी. मी छापखान्यात नोकरी धरली तेव्हा काका म्हणाले, आता ही शाईनं हात काळे करणार. पुढं छापखाना गेला, कॉम्प्युटर आला. हात गोरे राहिले, डोळे तेवढे गेले. मग गारखेड्यात माझं स्वतःचं दुकान झालं. पुढं मी आणि माझं टेबल, मागच्या खोलीत मुबीनभाई. ते स्क्रीन प्रिंटिंग करायचे. मी अक्षरं जुळवायची, त्यांनी छापायची, आणि दिवसभर दोघांनी एकमेकांच्या चुका काढायच्या, असं आमचं वीसेक वर्षं चाललं. नवऱ्याशीसुद्धा मी इतकी भांडले नसेन.

तोऱ्याचा जन्म दाताच्या डॉक्टरकडं झाला. दाढ काढायला गेले होते. टेबलावर एक इंग्रजी फॅशनचं मासिक पडलेलं. मुखपृष्ठावर बरगड्या मोजता येतील अशी एक बाई, आणि तिच्या डोक्यावर मासिकाचं नाव. बाईकडं मी बघितलंसुद्धा नाही. अक्षरांचे उभे दांडे हे एवढे जाड, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेघा नुसत्या सुईच्या. काय ऐट त्या अक्षरांची. मराठीत कुणी असं अक्षर का करत नाही, असं मला वाटलं. याचं उत्तर कळायला चार वर्षं लागली. ते करणं ही डोकेदुखी आहे म्हणून कुणी करत नाही.

इंग्रजी अक्षरं आपापल्या पायांवर उभी असतात. आपली शिरोरेषेला लटकतात. जाड कान्यांवर केसासारखी शिरोरेषा ओढली की ओल्या गोधड्या सुतळीवर वाळत घातल्यासारख्या दिसतात, आता तुटेल की मग तुटेल. सुतळी जाड करावी तर सगळा डौल जातो. कान्याला टाच द्यावी, तर 'र'ची टाच कुठं द्यायची, त्याला कानाच नाही. 'ळ' हा दोन पोटांचा प्राणी. त्याचं काय जाड ठेवायचं आणि काय बारीक, यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला. जोडाक्षरांचं तर बोलूच नका. 'ष्ट्य' काढताना मला आपल्या पूर्वजांचा मनापासून राग आला.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी एखादं अक्षर काढायची आणि मुबीनभाईंना दाखवायची. मुबीनभाईंना मराठी चांगलं वाचता यायचं, पण अक्षर तपासताना ते कागद उलटा धरायचे. त्यांचे वडील उर्दू कातिब, बोरूनं लग्नाचे रुक्के, म्हणजे पत्रिका, लिहायचे. बोरूचं अक्षरही जाड-बारीकच असतं, त्यामुळं भाईंची नजर त्यात घडलेली. वाचायला लागलं की अक्षर दिसत नाही, शब्द दिसतो, असं त्यांचं म्हणणं. उलट्या कागदावर बोट ठेवून म्हणायचे, "बाई, इधर पेट निकल्या." आणि खरोखर तिथं पोट सुटलेलं असायचं. चिडायची मी, पण दुरुस्त करायची.

फॉन्ट झाला, नाव ठेवलं 'तोरा'. मुलगी म्हणाली, आईनं स्वतःचंच नाव दिलं.

पहिल्यांदा एका सराफानं तो लावला. पितळेची अक्षरं, मागून दिवा. गरज नसताना मी त्या रस्त्यानं रिक्षा न्यायची. मग साड्यांच्या दुकानानं घेतला, मग एका ब्युटी पार्लरनं. तिथून पुढं घसरगुंडी. मूळव्याधीच्या एका दवाखान्यानं 'विना ऑपरेशन' हे दोन शब्द तोऱ्यात लावले, एवढे मोठे की समोरच्या बसमधून वाचता यावेत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुठल्यातरी भाऊंचं नाव, त्याला पिवळी बॉर्डर, तिला लाल सावली, सावलीला परत बॉर्डर. शिरोरेषा बिचारी आत गुदमरून मेलेली. पाण्याच्या एका टँकरवर 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं मात्र झकास दिसायचं. पाणी कसं होतं, ठाऊक नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. हे असलं जाड-बारीक अक्षर मोठंच वापरायचं असतं. पाटीवर, मथळ्याला, मुखपृष्ठावर. लहान केलं की जाड ते उरतं आणि बारीक ते मरतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तर फारच. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी असते, तिच्यावर अक्षरांपुरती भोकं उघडी ठेवलेली, आणि रबरी पट्टीनं वरून शाई ओढायची. रेघच जर जाळीच्या दोऱ्याएवढी बारीक असली तर शाई जाणार कुठून? हे मला चांगलं ठाऊक होतं. शिकायला येणाऱ्या पोरींना मीच सांगायची, की नट्टापट्टा मथळ्याला करा, मजकुराला साधं अक्षर घ्या.

सुदाम आला तो मार्चमधल्या एका दुपारी. गाव देवगाव रंगारी, नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात. पहिली पाळी सुटल्यावर कंपनीच्या निळ्या शर्टातच आलेला. मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं होतं. हातात वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी नावांनी भरलेली.

आमच्या भागातली लग्नपत्रिका ज्यांनी कधी जुळवली नाही त्यांना सांगते, तिला सातबाऱ्यासारखं जपावं लागतं. निमंत्रक कोण, व्यवस्थापक कोण, मामा आधी की आत्या आधी, कुणाच्या नावाखाली कोण. एक नाव राहिलं की एक घर जेवायला येत नाही. आणि छापून झाल्यावर कुणाशी बिनसलं, तर नवी पत्रिका छापत नाहीत. दाढीचं ब्लेड घेतात आणि त्या माणसाचं नाव एकेका कार्डावरून खरवडून काढतात. मग ते कार्ड भावकीत फिरतं आणि सगळ्यांना दिसतं, इथं एकजण होता, त्याला काढला. नाव न छापण्यापेक्षा हे कितीतरी वाईट.

सुदामच्या यादीत सगळ्यात वर एक नाव होतं आणि त्याच्याभोवती पेनानं चौकट केलेली. भिकाजी, त्याचा थोरला भाऊ. म्हणाला, मॅडम, हे नाव सगळ्यांच्या आधी, अगदी डाव्या कोपऱ्यात, मानाच्या जागी पाहिजे. सात वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "वडील आमच्या लहानपणीच गेले. अण्णानं शाळा सोडली म्हणून मी आयटीआय झालो. पोरीच्या मांडवात त्योच नसंल, तर मी पाया कुणाच्या पडू?"

आमच्याकडं भाऊ भावाची तोंडानं माफी मागत नाही, जीभ रेटत नाही. पत्रिकेत नाव वर छापून मागतो. सुदामला तेच करायचं होतं.

सराफाची पाटी त्यानं बघितली होती. त्याच अक्षरात पाहिजे म्हणाला, सगळंच्या सगळं, नावांसकट. इथं मी तोंड उघडायला पाहिजे होतं. नवरा-नवरीची नावं तोऱ्यात देते, बाकी यादी साध्या अक्षरात देते, एवढं एक वाक्य. मी ते बोलले नाही. कारण पुण्याला अक्षरांचं एक प्रदर्शन होतं, तिथं मला नमुना पाठवायचा होता. अख्खी पत्रिका एकाच फॉन्टात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या आत्यापर्यंत! असा नमुना माझ्याकडं नव्हता, आणि सुदाम आपल्या पायांनी चालत आला होता.

मुबीनभाईंनी अडवलं होतं. "नामां सादे में रखो बाई. बाल टिकता नई जाली में." मी म्हटलं, रेघा मी जरा जाड केल्यात, तुम्ही छापा. त्यांनी कागद उलटा धरला, बराच वेळ बघितला आणि काही बोलले नाहीत. मुबीनभाई गप्प बसले की समजून जायचं असतं. मी समजून घेतलं नाही.

सुदामला मोबाईलवर पत्रिका पाठवली. त्यानं दोन बोटांनी ताणून एकेक नाव कणसाएवढं मोठं करून तपासलं आणि कळवलं, एक नंबर, छापा. मोबाईलवर सगळंच मोठं करता येतं. कागद ताणता येत नाही, हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या.

छापायच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बदामी कार्ड, मरून शाई. पहिली पाच-सहा कार्डं मी हातात घेऊन बघितली, दृष्ट लागावी अशी निघाली होती. त्यातलं एक घेऊन मी फोटो काढायला उन्हात गेले, प्रदर्शनासाठी. आत काय झालं ते नंतर कळलं. उन्हाळ्यात शाई जाळीतच वाळते. मुबीनभाई पुसत होते, पण पुसून जाड रेघेची भोकं उघडतात, केसाएवढी नाही. आणि सगळ्यात आधी वाळते ती कडेची शाई, जिथून पट्टी ओढायला सुरुवात होते तिथली. तिथं कोण होतं? डाव्या कोपऱ्यात, मानाच्या जागी, भिकाजीअण्णा.

सगळी कार्डं बिघडली नव्हती, काही थोडीच. एकेक कार्ड न बघताच गठ्ठे बांधले गेले, सुदाम घेऊन गेला, घरोघर वाटप झालं. लग्नाला पाच दिवस राहिले असताना तो परत आला. त्याच निळ्या शर्टात. टेबलावर एक कार्ड ठेवलं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. हे कार्ड त्यानं, आतली नावं परत न वाचता, स्वतः जाऊन भावाच्या हातात दिलं होतं. भावानं घेतलं, पाणी विचारलं, सात वर्षांत पहिल्यांदा. सुदाम आनंदात घरी आला. दुसऱ्या दिवशी गावचा एक माणूस ते कार्ड परत घेऊन आला. हळदीकुंकू लावलेली पत्रिका परत येणं म्हणजे काय असतं, ते मी सांगायला नको.

मी कार्ड उजेडात धरलं. भिकाजी या नावात सहा काने आहेत. सहाच्या सहा उभे होते, मरून, जाडजूड, फक्त टाचा गेलेल्या. शिरोरेषा गेली, 'भ'ची गाठ गेली, 'क'चा पोटाकडचा दुवा गेला. छप्पर उडालेल्या गोठ्याचे खांब राहावेत तसे सहा खांब. आणि शेजारी सरपंचांचं नाव अगदी ठणठणीत. कुणीही म्हणालं असतं, ब्लेड मारलंय. ब्लेडनं हलक्या हातानं खरवडलं की आधी बारीक रेघाच जातात.

मी म्हटलं, सगळी परत छापून देते, आजच्या आज. सुदाम म्हणाला, मॅडम, आता छापली तर त्यो म्हणंल बोभाटा झाला म्हणून छापली. फोन तो उचलत नव्हता. घरी गेलं तर शेतात निघून जायचा. सुदाम तिथं खुर्चीवर बसला आणि मान खाली घालून कंपनीच्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मला ओरडला असता तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली, इतकी की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मुबीनभाईंनी आतून एक चांगलं कार्ड आणलं, ब्लेड घेतलं आणि भिकाजीअण्णांचं नाव मुद्दाम खरवडून दाखवलं. शाई निघाली, पण कागदाची चकाकीही निघाली; बोट फिरवलं तर लव लागावी तसा कागद पिंजलेला. बिघडलेल्या कार्डाचा कागद मात्र गुळगुळीत. "ये दोनों लेके जाओ," म्हणाले. तेही यायला निघाले होते, मी नको म्हटलं. अक्षर माझं, तोरा माझा, मीच निस्तरते.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी देवगाव रंगारीला गेले. पिशवीत दोन कार्डं आणि एक भिंग. विचारत विचारत शेतात पोचले. पत्र्याच्या शेडखाली कांद्याचा ढीग, आणि नवरा-बायको समोरासमोर बसून विळ्यानं पात कापत होते. भिकाजीअण्णा साठीचे, वाळकुडे, डोक्याला उपरणं. त्यांच्या बायकोचं नाव गयाबाई. मी सांगितलं, पत्रिका जुळवणारी बाई मीच. अण्णांनी वर बघितलं नाही. गयाबाईंनी पाणी दिलं आणि बसायला पोतं सारलं.

मग मी जाड रेघ, बारीक रेघ, जाळी, ऊन यांवर भाषण ठोकलं. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मी तोऱ्याचं कौतुकच करतेय, म्हणून आवरतं घेतलं आणि दोन्ही कार्डं पुढं केली. भिंगही दिलं. अण्णांनी भिंग बाजूला ठेवलं. हात धोतराला पुसला, आधी खरवडलेल्या कार्डावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून. मग परत पहिल्यावरून.

"हे खरवडलेलं हाय," म्हणाले. "हे नाय."

मी म्हटलं, तेच तर सांगायला आले, तुमचं नाव कुणी काढलेलं नाही. आत मला जरा बरंच वाटायला लागलं होतं. कोर्टात जिंकल्यासारखं.

"भिंग कशाला पायजे, बाई," ते म्हणाले. "ह्या कामातलं मला कळतं."

पुढचं गयाबाईंनी सांगितलं, हातातला विळा न थांबवता. सात वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं लग्न होतं. पत्रिका छापून आल्या होत्या. हळदीच्या आदल्या दिवशी सुदामनं कळवलं, कंपनीत रजा मिळत नाही, लग्नाच्या दिवशीच येतो. अण्णांना तो शब्द लागला. घरचं पहिलं लग्न आणि सख्खा भाऊ पाहुण्यासारखा येणार. वाटायच्या राहिलेल्या पत्रिका घेऊन ते ओसरीवर बसले आणि प्रत्येक कार्डावरून सुदामचं नाव ब्लेडनं काढलं. "मी नाय लावला हात," गयाबाई म्हणाल्या. "मी त्यातलं एक कार्ड तेवढं ट्रंकेत ठिवलं. म्हणलं, ह्यांना कधीतरी दाखवीन." सुदाम त्या लग्नाला आला नाही. कार्ड त्याच्यापर्यंत पोचलंच होतं कुणाकडून तरी.

अण्णा माझ्याकडं बघून पहिल्यांदा नीट बोलले.

"हे कार्ड बघितलं आन् मला बरं वाटलं होतं, बाई. राग आला, परत पाठवलं, पर बरंबी वाटलं. म्हणलं, फिट्टंफाट झाली. मी त्याचं काढलं, त्यानं माझं काढलं. आता तुम्ही सांगायलात, त्यानं काढलंच नाय. मानाच्या जागी छापलं होतं. मंग खरवडणारा मी एकटाच राहिलो की."

मी पुरावा घेऊन आले होते, आणि त्या पुराव्यानं या माणसाची जायची वाट मीच बंद केली होती. ब्लेड मारलंय असं समजून राहिले असते तर निदान रागावून का होईना मांडवात आले असते, भांडले असते. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की अहो चूक माझी आहे, तुम्ही कशाला मनाला लावून घेता.

"तुमची चूक सांगायला तुम्ही एसटीनं आलात. मला सात वर्षं झाली," ते म्हणाले. "आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

गयाबाईंनी पात कापलेला कांदा ढिगावर टाकला. "लाज वाटायलीय न्हवं? मंग लाजत चला. पर चला."

अण्णांनी पुढचा कांदा उचलला आणि कापायला लागले. मी उठले. गयाबाईंनी पिशवीभर कांदे दिले, नको म्हणत असताना दिले. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन मी शहरापर्यंत स्वतःला शिव्या घालत आले.

सुदामला सांगितलं, त्यांना कळलंय तू खरवडलं नाहीस. येतील का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. सात वर्षांपूर्वीच्या कार्डांबद्दल मी बोलले नाही. ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुण्याला नमुना पाठवला नाही. उलट रागारागानं कॉम्प्युटर लावला आणि तोऱ्याची लहान आकारासाठी वेगळी प्रत काढायला घेतली, बारीक रेघा दुपटीनं जाड, टाचा आखूड. दिसायला जरा ठोंब्या झाला, पण आत्यामामांची नावं त्यात वाचता येतात. मुबीनभाईंनी कागद उलटा धरून बघितला आणि म्हणाले, "अब आदमी लगता." हे आधी केलं असतं तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले नाहीत, म्हणून मीच म्हणाले.

लग्न गारखेड्यातल्याच मंगल कार्यालयात होतं. मी आणि मुबीनभाई मागच्या खुर्च्यांवर बसलो. नवरदेव आला, वरात झाली, मुहूर्ताची वेळ टळून गेली, तरी सुदाम काही ना काही कारण काढून फाटकाकडं चकरा मारत होता. भटजी दोनदा ओरडले. नवरीकडून निरोप आला, मोठे बाबा आले का? सुदाम म्हणाला, येतीलच. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. अक्षता वाटून झाल्या, त्या मुठीत धरून लोक घामाघूम झाले. शेवटी सुदाम स्वतःच म्हणाला, घ्या, सुरू करा.

तेवढ्यात रिक्षा थांबली. आधी गयाबाई उतरल्या, नवं लुगडं, आणि मागं वळून नवऱ्याला म्हणाल्या, उतरा. भिकाजीअण्णा पांढरी टोपी घालून खाली उतरले आणि तिथंच उभे राहिले. आत येईनात. सुदाम धावतच गेला आणि पाया पडायला वाकला. अण्णांनी त्याला खांद्याला धरून मध्येच अडवलं आणि सदऱ्याच्या खिशातून एक जुनं, पिवळं पडलेलं कार्ड काढलं. गयाबाईंच्या ट्रंकेतलं.

"तुला पत्रिका द्यायची राहिली होती," म्हणाले.

मी खुर्चीवरून उठून पुढं गेले. वाईट खोड, पण अक्षर दिसलं की मला राहवत नाही. मुलाच्या लग्नाची पत्रिका. खरवडलेल्या जागी अण्णांनी बॉलपेननं भावाचं नाव लिहिलं होतं. पिंजलेल्या कागदावर शाई फुटते, तशी ती फुटली होती. प्रत्येक रेघ जाडच्या जाड, बारीक एकही नाही, 'द'चं पोट सुटलेलं, 'म' शेजारच्या नावावर चढलेला. मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून वाचता आलं असतं, सुदाम.

सुदामनं ते वाचलं. कार्ड दोन्ही हातांत धरून वरची तारीख वाचली, खाली गावाचं नाव, लग्नाचं ठिकाण, सगळं वाचत गेला. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग कार्ड निळ्याऐवजी आज घातलेल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाला, "येतो, अण्णा. रजा टाकतो."